रुमालाखालची स्पोर्ट्स कार

स्पोर्ट्स कार घ्यायची आहे, असं मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं तेव्हा घरातून तीन प्रतिक्रिया आल्या. आई म्हणाली, ‘आधी लग्नाचं बघ.’ बाबा म्हणाले, ‘आधी फ्लॅटचं बघ.’ आणि जळगावची मामी फोनवर म्हणाली, ‘आधी डॉक्टरला दाखव.’

मामीचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. मी फ्रीलान्सर. लेख आज छापून येतो, चेक तीन महिन्यांनी. बँकेत पावणेतीन लाख साठलेले, तेही ‘इमर्जन्सी फंड’ या भारदस्त नावाखाली. या पैशात स्पोर्ट्स कार? बॉस, या पैशात स्पोर्ट्स कारचे टायरसुद्धा येत नाहीत. पण कॉलेजात असल्यापासून माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला एक फोटो चिकटवलेला आहे. लाल रंगाची, टप उघडलेली, बुटकी, दोन सीटची ट्रायम्फ स्पिटफायर. बाकीच्या मुलींच्या कपाटात हृतिक होता. असो.

तर एका रविवारी मामाने पेपरातल्या छोट्या जाहिरातींचा फोटो काढून पाठवला. ‘१९६६ मॉडेल, टू-डोअर स्पोर्ट्स कार, एकाच घरात वापरलेली, धुळे. फक्त शौकिनांनी भेटावे.’ सोबत मामाचा मेसेज : ‘ही स्पोर्ट्स कार नाही. हेराल्ड आहे. येतेस का?’

मी त्याच रात्री महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढलं.

गरिबाची स्पिटफायर

हेराल्ड म्हणजे काय, हे आजच्या पिढीला सांगावं लागतं. मारुती १९८३ च्या डिसेंबरात आली, त्याआधीच्या भारतात गाडी म्हणजे तीनच पर्याय. अॅम्बेसेडर, फिअट आणि स्टँडर्ड. यातली स्टँडर्ड मद्रासची. इंग्लंडमध्ये १९५९ साली आलेली ट्रायम्फ हेराल्ड ही कंपनी १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने आपल्याकडे बनवू लागली. सुरुवातीला दोन दारांची, पुढे भारतीय कुटुंबाचा आकार लक्षात घेऊन चार दारांची. अॅम्बेसेडर मंत्र्यांची, फिअट टॅक्सीवाल्यांची आणि हेराल्ड डॉक्टर, वकील आणि थोड्या हौशी मंडळींची, असा तेव्हाचा साधारण हिशोब.

आता यात स्पोर्ट्स कार कुठे आली? सांगते. हेराल्डचं डिझाइन जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने केलं होतं. याच हेराल्डची चासी घेतली, लांबीला कापून आखूड केली, त्यावर मिकेलोत्तीनेच नवी बॉडी रेखाटली आणि १९६२ मध्ये जी गाडी आली ती स्पिटफायर! माझ्या कपाटातली. म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी. एक साडी नेसून हळदीकुंकवाला जाणारी, दुसरी जिमला. दोघींचंही अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटं उघडतं. हेराल्डचं इंजिन मात्र ९४८ सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आतबाहेर. आजची साधी हॅचबॅकही तिला मागे टाकेल. पण हाडं स्पोर्ट्स कारची. जाहिरात देणाऱ्याने थाप मारली नव्हती, थोडी ओढूनताणून नात्यातली माणसं सांगितली होती, इतकंच.

दात, चाल आणि मालकाचं तोंड

जळगाव स्टेशनवर मामा स्कूटर घेऊन उभा होता. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला. आयुष्यभर इतर लोक प्रवास करायचे आणि हा त्यांच्या गाडीखाली झोपायचा. घरी मामीने भरीत-पुरी वाढली, बामणोदच्या वांग्यांचं, वर कांद्याची पात. आणि एक टोमणाही वाढला, ‘जळगावात येऊन लोक सोनं घेतात. तू लोखंड घ्यायला आली, तेही गंजलेलं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याची एसटी पकडली. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे वाटाघाटींची सुरुवात तरी पन्नास टक्के डिस्काउंटने झाली. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला आणि मामाने क्लास घ्यायला सुरुवात केली. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी. नव्वदेक किलोमीटर लेक्चर.

‘माझा बाप बैल घ्यायला बाजारात जायचा,’ मामा म्हणाला, ‘तेव्हा तीन गोष्टी बघायचा. दात, चाल आणि मालकाचं तोंड. दातावरून वय कळतं. दोनदाती, चारदाती की जुळलेला, त्यात लबाडी करता येत नाही. चालीवरून खोड कळते. आणि मालकाच्या तोंडावरून कळतं, की तो बैल विकून राहिला की फक्त घरातून काढून राहिला.’

गाडीचे दात म्हणजे चासी नंबर आणि इंजिन नंबर. आरसी बुकाशी अंकन्‌अंक जुळला पाहिजे. नंतर पत्रा. मी फ्रिजवरचं एक लोहचुंबक रुमालात बांधून नेलं होतं. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे, हे ओळखायचं सगळ्यात स्वस्त यंत्र. हेराल्डची बॉडी तुकड्यांची, बोल्टांनी चासीवर कसलेली. त्यामुळे वरून दिसणारा गंज दुरुस्त होतो. खालची चासी गेली असेल तर हात जोडायचे आणि परतीची बस पकडायची. इंजिन थंड असताना पोचायचं. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर समजायचं, थंडीत ते रडतं. क्लच दाबायला लावून इंजिनची पुढची पुली बघायची. ती मागेपुढे सरकली, तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर गेले. या इंजिनांचा तो जुना आजार.

आणि एक गोष्ट मामाला ठाऊक नव्हती. ती मला ठाऊक होती. मी जुन्या वर्कशॉप मॅन्युअलची झेरॉक्स मिळवून दोन रात्री जागले होते. हेराल्डच्या पुढच्या चाकांना आधार देणारा जो उभा लोखंडी दांडा असतो, त्याचं खालचं टोक आट्यांचं असतं आणि ते एका पितळी तुकड्यात फिरतं. याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवलं, की दांडा त्या आट्यांत फिरतो. या तुकड्याला निपल असतो, त्यामुळे जगातला कुठलाही मेकॅनिक तिथे ग्रीसगन लावतो. आणि तिथेच फसतो. कंपनीचं सांगणं होतं, की तिथे ग्रीस नाही, गिअरचं जाड ऑइल घाला. ग्रीस आट्यांच्या आत नीट पोचत नाही, पाणी पोचतं. दांडा आतून गंजत जातो आणि एक दिवस मोडतो. चाक गाडीखाली दुमडतं. बहुतेक वेळा हळू वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना.

‘बार्गेनिंगचा एक नियम आहे,’ मी मामाला ज्ञान दिलं. एका मॅनेजमेंट गुरूच्या वर्कशॉपवर मी कधीकाळी लेख लिहिला होता. ‘सगळे दोष आधी सांगायचे नाहीत. सगळ्यात मोठा शेवटच्या क्षणासाठी खिशात ठेवायचा.’

मामा खिडकीबाहेर कपाशीकडे बघत राहिला. काही बोलला नाही.

मना बापनी गाडी

पांझरेच्या पलीकडे देवपुरात घर होतं. जुनं, लांबट, पुढे अंगण, बाजूला पत्र्याची शेड. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ लेंगा-बनियनवर बाहेर आले. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणत होती, आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी आधी मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मामाला विचारलं, ‘गाडी कोणाला पाहिजे?’

‘तिला.’

‘असं का!’ नाना म्हणाले आणि शेडचं दार उघडलं.

पांढरट-हिरवी, दोन रंगांची. क्रोम पिवळं पडलेलं. मागे पंखांसारखी निघालेली टोकं. दारं बंद होताना टप् असा घट्ट आवाज. मी घसा खाकरला आणि चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला. पण लहान मुलाला जत्रेत सोडल्यासारखं तोंड झालं असणार, कारण मामाने कोपराने ढोसलं.

‘मना बापनी गाडी शे,’ नाना म्हणाले. वडील डॉक्टर होते. १९६६ मध्ये गाडी आली. साक्री, शिरपूर, कुठून कुठून बोलावणं यायचं. रात्री-बेरात्री याच गाडीतून जायचे. नानांच्या धाकट्या बहिणीचा जन्म दवाखान्यात पोचायच्या आधी याच गाडीत, मागच्या सीटवर झाला होता. हे सगळं ऐकताना मी लोहचुंबक फिरवत होते. डाव्या दाराच्या खाली ते चिकटेना. मी वहीत लिहिलं : पुट्टी.

हे फार विचित्र काम असतं हो! समोरचा माणूस बापाची आठवण सांगतोय आणि आपण त्या आठवणीचा पत्रा ठोकून बघतोय.

मामा अंगावरचा शर्ट काढून, जुनी सतरंजी टाकून गाडीखाली शिरला. आतून टॉर्चचा उजेड आणि मामाची रनिंग कॉमेंट्री. मेन चासी ठीक. बाजूचे दोन आडवे हात कुजलेले. डिकीचा तळ पातळ. मागचा आडवा पाटा बसलेला, त्यामुळे चाकं किंचित फाकलेली. इंजिन थंड होतं. तिसऱ्या प्रयत्नात उठलं. थोडा निळसर धूर आला, मग थांबला. पुली सरकली नाही. मी मनात टाळ्या वाजवल्या. पेट्रोलचे रबरी पाइप बदलावे लागणार होते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. तेही लिहिलं.

मग पुढचं चाक जॅकवर उचललं. मामाने वर-खाली हलवलं. ‘थोडा प्ले आहे,’ तो म्हणाला. निपलभोवती काळं, कडक झालेलं ग्रीस होतं.

‘इथे काय घालता, नाना?’ मी अगदी सहज आवाजात विचारलं.

‘ग्रीस. दर दिवाळीला. एक वर्ष चुकवलं नाही,’ नाना अभिमानाने म्हणाले.

मी वही मिटली. हुकमाचा एक्का खिशात पडला होता.

वीस मिनिटं

चहा आला, सोबत शेव. नानांनी सांगितलेली किंमत तीन लाख पंचवीस हजार. मी वही उघडून एकेक मुद्दा वाचला. कुजलेले हात, डिकी, पाटा, टायर, वायरिंग, पुट्टी. प्रत्येक शब्दागणिक नानांचा चेहरा थोडा थोडा बंद होत गेला. ‘एक लाख साठ,’ मी म्हटलं.

‘बेटा,’ नाना म्हणाले, ‘तू गाडी बघायला आली का पोस्टमॉर्टेम करायला?’

मला वाटलं, मस्त चाललंय. गुरूच्या वर्कशॉपमध्ये अगदी असंच सांगितलं होतं. समोरचा अस्वस्थ झाला पाहिजे. नाना तीनवर आले. मी पावणेदोनवर गेले. मामा शेव खात होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. मी घड्याळ पाहिलं नव्हतं, पण नंतर हिशोब केला. चाक खाली ठेवल्यापासून तोवर वीस मिनिटं झाली असतील. वीस मिनिटं ती गोष्ट माझ्या खिशात होती आणि मला तिचं ओझं नव्हतं, उलट ऊब होती.

तेवढ्यात शाळेतून नातू आला. सात-आठ वर्षांचा असेल. दप्तर टाकलं आणि ओरडला, ‘आबा, चक्कर?’

नाना उठले. एकदम तरुण झाले. ‘चल, ताईला दाखवू आपली गाडी कशी वळते! लंडनच्या टॅक्सीसारखी. पंचवीस फुटांत पूर्ण गोल. या गल्लीत दुसरी कुठली गाडी एका दमात वळत नाही.’ खरं होतं ते. हेराल्डचं वळण हीच तिची ख्याती. पुढची चाकं इतकी वळतात, की बघणाऱ्याला ती निखळतील असं वाटतं.

नातू पुढच्या सीटवर चढला. बेल्ट नव्हताच. नानांनी इंजिन सुरू केलं, गाडी शेडमधून बाहेर काढली आणि फाटकापाशी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. आतून एक कर्रर्र आवाज आला. रस्त्यावरून त्याच वेळी एक ट्रॅक्टर येत होता.

‘थांबा!’

मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या. नानांनी ब्रेक दाबला. ट्रॅक्टर निघून गेला. काहीही मोडलं नाही. कदाचित त्या दिवशी मोडलंही नसतं, कदाचित आणखी पाच वर्षं मोडलं नसतं. पण मुलाला खाली उतरवताना माझे हात थरथरत होते.

मग मी सगळं सांगितलं. ट्रनियन, ग्रीस, ऑइल, आटे. नानांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. ‘भाव पाडायला काहीही सांगशील का? पन्नास वर्षं गाडी चालवून राहिलो मी!’

मामा उठला. ‘नाना, एक तास द्या,’ तो म्हणाला. ‘मी खोलून दाखवतो. तिचं खोटं निघालं तर पुन्हा बसवून देतो आणि आम्ही निघतो.’

तासापेक्षा थोडा जास्त वेळ लागला. चाक काढलं, बोल्ट ठोकून सैल केले, दांडा पितळी तुकड्यातून फिरवत बाहेर काढला. फिरवताना तो जागोजागी अडत होता. मामाने चिंधीने पुसला आणि नानांच्या हातात दिला. आट्यांच्या तळाशी ग्रीस नव्हतंच, लाल भुकटी होती. आणि आटे जिथे संपतात त्या मानेपाशी गंजाने खाल्लेली एक खोबण, नखाने चाचपली तरी कळणारी.

नाना बराच वेळ दांड्यावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘दर दिवाळीला मीच घालायचो.’

त्या एका वाक्याने मला जे वाटलं, ते वहीत लिहिता येण्यासारखं नव्हतं. परसात हात धुताना मामाने फक्त एवढंच विचारलं, ‘तुला हे चाक बघताना माहीत होतं?’

‘हो.’

‘भाव रुमालाखाली ठेवायचा असतो बाई. दोष नाही.’

रुमालाखाली

रुमालाची ही काय भानगड, हे मला तेव्हा कळलं नाही. मामाने तिथेच, नळापाशी, साबणाच्या हातांनी समजावलं. गुरांच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातावर रुमाल टाकतात आणि खाली बोटं धरून आकडे ठरवतात. बघणाऱ्यांना काही कळत नाही. मला वाटायचं, की ही दलालांची लबाडी. ‘लबाडी पण असते,’ मामा म्हणाला, ‘पण चांगला उपयोग वेगळाच. समोरच्याने तुझ्या बैलाची किंमत कमी केली, हे चार लोकांत ऐकू येत नाही. इज्जत राहते. नाही म्हणताना पण राहते.’

आणि मी काय केलं होतं? त्यांच्याच अंगणात, त्यांच्या सुनेसमोर, त्यांच्या बापाच्या गाडीचे सहा दोष खणखणीत आवाजात वाचून दाखवले होते. आणि जो एक खरोखर सांगायचा होता, तोच लपवला होता. दोन्ही गोष्टी नेमक्या उलट्या.

आम्ही परत आलो तेव्हा नाना खुर्चीत बसले होते, दांडा मांडीवर. मी म्हटलं, ‘नाना, मला हे आधीच सांगायला हवं होतं. मी भावासाठी राखून ठेवलं होतं. चुकलं माझं.’

ते काही बोलले नाहीत. चांगलंही नाही, वाईटही नाही. मग मामाकडे वळून म्हणाले, ‘दोनच्या वर बोला. दोनच्या खाली मी बापाला तोंड दाखवू शकत नाही.’

मामाने खांद्यावरचा टॉवेल काढला. नाना म्हणाले, ‘घेणारी ती शे. हात तिचा पाहिजे.’

गुरांच्या बाजारात रुमालाखाली बाईचा हात कधी गेला असेल, मला शंका आहे. आमचा कोड सोपा होता. दोन लाख धरून चालायचे, वरचं प्रत्येक बोट दहा हजारांचं, अर्धं बोट पाचाचं. टॉवेल पडला. नानांचा हात खरखरीत आणि गार होता. त्यांनी माझा पंजाच्या पंजा धरला. पन्नास. मी त्यांचं एक बोट धरलं. दहा. ते तीन. मी पुन्हा एक. मग बराच वेळ काहीच नाही. सून, नातू, शेजारच्या त्या दोन बायका, सगळे बघत होते आणि कोणालाच काही कळत नव्हतं. मजा म्हणजे मला अजिबात घाई वाटत नव्हती. तोंडाने भाव करताना शांतता पडली, की ती भरून काढायला आपण काहीतरी बरळतो. टॉवेलखाली शांतता चालते.

नानांनी दोन बोटं धरली. मी एक धरलं. आणि सोडता सोडता, का कोण जाणे, दुसऱ्याच्या पेरापाशी थांबले. दीड.

नानांनी हात दाबला. दोन लाख पंधरा हजार.

शून्य किलोमीटर प्रतितास

आता तुम्ही विचाराल, गाडी कुठे आहे? जरा थांबा. जुन्या गाडीत इंजिनपेक्षा कागद जास्त धूर सोडतात. आरसी अजून नानांच्या वडिलांच्या नावावर होती, ते २००९ मध्ये गेले. मालक वारला तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते. त्यासाठी ३१ नंबरचा फॉर्म, बाकीच्या वारसांची संमती. त्यानंतर विक्रीचे २९ आणि ३०. धुळ्याच्या एमएच-१८ मधून पुण्याच्या एमएच-१२ मध्ये न्यायची तर २८ नंबरचा, म्हणजे ना-हरकत. नोंदणीची मुदतही कधीच संपलेली. मी अकरा हजार इसार दिला आणि कागद पूर्ण झाल्यावर बाकीचे, असं ठरलं.

नानांनी भावाबहिणींना फोन केले. तिघांनी हो म्हटलं. चौथी, म्हणजे ती गाडीत जन्मलेली बहीण, म्हणाली, ‘विचार करते.’ तिच्या विचाराला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत मला एकदाही फोन करून घाई करावीशी वाटली नाही. माझ्यातली ही सुधारणा मीच नोंदवून ठेवते.

आणखी एक फाटा होता. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी असेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळू शकतो. नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. ऐकायला झकास! पण अशी गाडी रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. मला तर रविवारी सकाळी कॉफी प्यायला जायचं होतं. म्हणून मी साध्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं ठरवलं, दर पाच वर्षांनी फिटनेसच्या परीक्षेला बसायच्या तयारीने. काचेच्या कपाटातली स्पोर्ट्स कार माझ्याकडे फोटोत आहेच की.

गाडी धुळ्याहून जळगावला आली ती टेम्पोवर चढून. चालवत आणायचा प्रश्नच नव्हता. नाना टेम्पोच्या मागे मागे गल्लीच्या टोकापर्यंत चालत आले. नातवाने विचारलं, ‘ताई, नीट झाल्यावर वळवून दाखवशील ना?’ मी हो म्हटलं.

सध्या ती मामाच्या अंगणात चार ठोकळ्यांवर उभी आहे. चाकं काढलेली. स्पिटफायर आणि हेराल्डचे बरेच सुटे भाग एकच असल्यामुळे नवे दांडे आणि ट्रनियन मिळाले. माझ्या कपाटातल्या बयेने सख्ख्या बहिणीला केलेली ही मदत. मामाने निपलशेजारी पांढऱ्या ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, ‘ग्रीस नाही’. मामी त्या बॉनेटवर कुरडया वाळत घालते. ऊन छान मिळतं म्हणे. थोडक्यात काय, माझ्याकडे स्पोर्ट्स कार आहे आणि तिचा टॉप स्पीड शून्य किलोमीटर प्रतितास आहे.

मित्र विचारतात, महाग नाही का पडली? मी सांगते, चाकं, पाटा, पत्रा, कागद सगळं धरून बजेट कधीच फुटलंय. मग त्यांच्यातला एखादा हुशार विचारतो, ‘पण तुझ्याकडे तर एवढा सॉलिड पॉइंट होता. त्यावर आणखी पाडता आले नसते?’

आले असते. एका बोटावर सौदा तुटला असता, याची मला खात्री आहे, कारण नानांचा हात तेव्हा सैल झाला होता. ते अर्धं बोट मी आपण होऊन पुढे केलं. पाच हजार. वीस मिनिटांचे.

ते मला अजिबात महाग पडले नाहीत.